सिरियल लिंक: इंटरफेस अप पण लाइन प्रोटोकॉल डाउन (दोन वेगळ्या कंपन्यांचे राउटर)

तारेवरची_कसरत
मंडळी, जरा मदत हवीये. दोन ठिकाणांमध्ये २ एमबीपीएसची सिरियल लिंक आहे, दोन्हीकडे मोडेम आणि मोडेमपासून राउटरपर्यंत व्ही.३५ (सिरियल जोडणीचा एक जुना प्रकार) केबल. अ बाजूचा सिस्को राउटर गेला म्हणून त्याजागी दुसऱ्या कंपनीचा बसवलाय, ब बाजूला जुना सिस्कोच आहे आणि त्याला कुणी हात लावलेला नाही. आयपी तेच, ३० चा सबनेट (दोनच पत्ते वापरता येतील असं छोटं नेटवर्क), दोन पत्ते दोन टोकांना. आधी सगळं गुमान चालत होतं.

आता ब वर शो इंटरफेसेस मारलं की येतं: सिरियल ०/०/० इज अप, लाइन प्रोटोकॉल इज डाउन. सगळ्यात खालच्या ओळीत डीसीडी, डीएसआर, डीटीआर, आरटीएस, सीटीएस हे केबलमधले पाचही कंट्रोल सिग्नल अप. मोडेमवरचे दिवे हिरवे. लाइन देणारे म्हणतात आमच्याकडून ओके आहे, तुमचा राउटर बघा. राउटर देणारे म्हणतात लाइन बघा. मी मधे.

फायबरप्रेमी
अजून सिरियल वापरतं कोण? फायबर टाका आणि मोकळे व्हा.

खोडरबर
@फायबरप्रेमी, टाकू की, खणायला तुम्ही येताय ना? मायक्रोवेव्ह आणि सॅटेलाइट मोडेमच्या पाठीमागे अजून ढिगाने व्ही.३५ पोर्ट आहेत. असो.

@तारेवरची_कसरत, तुम्ही दिलेल्या एका ओळीतच अर्धं उत्तर आहे. त्या ओळीत दोन वेगळी विधानं असतात आणि लोक ती एकत्र वाचतात. पहिलं 'अप' म्हणजे राउटरला मोडेमकडून कॅरियर मिळतोय, केबल लागलेली आहे, सिग्नलच्या तारा जिवंत आहेत. दुसरं 'डाउन' म्हणजे त्या तारेवरून समोरच्याचे कीपअलाइव्ह ('मी जिवंत आहे' असे ठरावीक वेळाने येणारे छोटे संदेश) आपल्याला समजत नाहीयेत. पहिलंच डाउन असतं तर मी म्हणालो असतो केबल काढा, मोडेम बघा, लाइनवाल्यांच्या मागे लागा. तुमचं तसं नाही. निदान या घडीला तरी लाइनवाल्यांशी भांडण्यात वेळ घालवू नका.

'अॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन' दिसलं तर तो तिसरा प्रकार, तिथे फक्त नो शटडाउन द्यायचं राहिलेलं असतं.

प्रश्न: ब वर एन्कॅप्सुलेशन, म्हणजे डेटा गुंडाळून तारेवर टाकायची पद्धत, काय आहे? कॉन्फिगमध्ये त्याची ओळच दिसत नसेल तर समजून जा.

तारेवरची_कसरत
बरोबर, ओळच नाही. शो इंटरफेसेसमध्ये एन्कॅप्सुलेशन एचडीएलसी दिसतंय. नवीन राउटरवरही एचडीएलसीच निवडलंय, मेनूत होतं. म्हंजे दोन्हीकडे सारखंच आहे की!

खोडरबर
नाव सारखं आहे, माल वेगळा आहे. सिस्कोच्या सिरियल पोर्टवर काहीच सांगितलं नाही तर ते स्वतःचं एचडीएलसी लावतात. मूळ आयएसओच्या एचडीएलसीत आत कुठला प्रोटोकॉल चाललाय, आयपी की अजून काही, हे सांगायला जागाच नाही. म्हणून त्यांनी पत्ता आणि कंट्रोलच्या पुढे दोन बाइटचं टाइप फील्ड घातलं. त्यांच्या दोन राउटरमध्ये ते मस्त चालतं. दुसऱ्या कंपनीच्या मेनूतलं 'एचडीएलसी' म्हणजे तेच असेल याची काही खात्री नाही, काही जण 'सिस्को एचडीएलसी' असा वेगळा पर्याय देतात, काही देत नाहीत.

खात्री करायची असेल तर ब वर डिबग सिरियल इंटरफेस लावा आणि मायसेक, माइनसीन, युअरसीन हे तीन आकडे काय म्हणतात ते इथे टाका.

तारेवरची_कसरत
मायसेक दर १० सेकंदांनी एकाने वाढतोय. माइनसीन ० वर चिकटलाय. युअरसीन पण ०. शेवटी लाइन डाउन.

खोडरबर
झालं तर मग. मायसेक म्हणजे मी पाठवलेला नंबर, माइनसीन म्हणजे माझा कुठला नंबर पोचल्याची समोरच्याने पोच दिली तो, युअरसीन म्हणजे मला समोरच्याचा आलेला शेवटचा नंबर. मायसेक आणि माइनसीनमधलं अंतर ३ झालं की राउटर लाइन प्रोटोकॉल पाडतो. तुमच्याकडे युअरसीनही शून्य, म्हणजे समोरून येणारी एकही फ्रेम (डेटाचं पाकीट) ब ला कीपअलाइव्ह म्हणून ओळखता येत नाहीये.

दोन्हीकडे पीपीपी (पॉइंट टू पॉइंट प्रोटोकॉल) करा. आरएफसी (इंटरनेटचे नियम सांगणारे क्रमांकित दस्तऐवज) १६६१, १९९४ पासूनचं स्टँडर्ड आहे, कुठलाही राउटर कुठल्याही राउटरशी बोलतो. इंटरफेसवर एन्कॅप्सुलेशन पीपीपी, बास.

पॅकेट_पाटील
खोडरबर काकांना +१. एक भर: ब राउटरवर तुम्ही दुरून लॉगिन करत असाल, म्हणजे याच लिंकवरून नाही तर बॅकअप लिंकवरून, तर ठीक. पण लिंक चालू असताना त्याच लिंकवरून शिरून एन्कॅप्सुलेशन बदलायला गेलात तर एंटर दाबल्याक्षणी तुम्ही बाहेर. तुमची लिंक सध्या मेलेलीच आहे म्हणून धोका नाही, पण वाचणाऱ्या बाकीच्यांनी लक्षात ठेवा: आधी लांबचं टोक बदला, मग जवळचं, आणि लांबच्या टोकाला रीलोड इन १० देऊन ठेवा, म्हणजे फसलंच तर सेव्ह न केलेलं कॉन्फिग दहा मिनिटांनी आपसूक मागे जाईल. जमलं तर रीलोड कॅन्सल करायला मात्र विसरू नका.

शंकासुर
सर्वांना नमस्कार, मी सिम्युलेटरवर शिकतोय. माझ्याकडे दोन राउटर एकमेकांना थेट सिरियल केबलने जोडलेत, मोडेम वगैरे नाही, आणि दोन्ही डाउन, डाउन दिसतात. एका राउटरवर क्लॉक रेट द्यायला गेलो तर तो घेतच नाही, ही कमांड फक्त डीसीई इंटरफेसला लागू आहे म्हणतो. इथे विचारलं तर चालेल ना?

लॅबमधली
चालेल रे. सिरियल हा सिंक्रोनस प्रकार आहे, कुणीतरी एकाने घड्याळ द्यायलाच लागतं. खऱ्या लिंकवर ते मोडेम देतं, म्हणून मोडेम डीसीई (घड्याळ देणारं) आणि राउटर डीटीई (घेणारा). लॅबमध्ये मोडेम नसतं म्हणून एका राउटरला डीसीईची भूमिका घ्यावी लागते, आणि ती भूमिका कोणाची हे तू ठरवत नाहीस, केबल ठरवते. केबलचं डीसीई टोक ज्या राउटरला लागलंय त्यालाच क्लॉक रेट देता येतो. कुठलं टोक कुठे आहे ते शो कंट्रोलर्स सिरियल ०/०/० ने कळेल, एकीकडे डीसीई व्ही.३५ आणि क्लॉक रेट दिसेल, दुसरीकडे डीटीई. सिम्युलेटरमध्ये केबलच्या ज्या टोकाला घड्याळाचं चिन्ह आहे ते डीसीई. तिथे क्लॉक रेट ६४००० दे आणि दोन्हीकडे नो शटडाउन.

बऱ्याच नव्या कार्डांवर डीसीई केबल लागली की क्लॉक रेट आपोआप २०००००० येतो, त्यामुळे प्रत्यक्ष हार्डवेअरवर हा त्रास कमी होतो. जुन्यांवर हाताने द्यावाच लागतो.

शंकासुर
चालू झालं ताई, धन्यवाद! एक शंका अजून. मी बँडविड्थ ६४ पण दिली, तरी फाइल कॉपी पूर्वीच्याच वेगाने होतेय.

लॅबमधली
बँडविड्थ कमांडने वेग बदलत नाही. तो आकडा फक्त राउटिंग प्रोटोकॉलच्या हिशोबासाठी असतो. वेग घड्याळ ठरवतं. सिरियलवर काही दिलं नाही तर तो १५४४ किलोबिट धरतो, आणि ओएसपीएफ (वाट निवडणारा एक राउटिंग प्रोटोकॉल) १० कोटी भागिले बिटमधली बँडविड्थ करून कॉस्ट ६४ काढतो (कॉस्ट कमी ती वाट पसंत). खरी लाइन ६४ किलोबिटची असेल तर कॉस्ट १५६२ यायला हवी. आकडा चुकीचा असला तर लिंक व्यवस्थित चालते पण ट्रॅफिक भलत्याच वाटेने जातो, आणि ते शोधायला डोक्याचा भुगा होतो.

तारेवरची_कसरत
अपडेट: दोन्हीकडे पीपीपी केलं. अजून डाउनच आहे, पण थोडं वेगळं डाउन. आमच्या नियमावलीत प्रत्येक वॅन (दूरची ठिकाणं जोडणाऱ्या) लिंकवर चॅप ऑथेंटिकेशन (समोरचा राउटर खरा आहे ना ते पासवर्डने तपासणं) बंधनकारक आहे म्हणून तेही लावलंय. डिबग पीपीपी निगोशिएशनमध्ये एलसीपी (पीपीपीची पहिली बोलणी) ओपन येतं, मग चॅप चॅलेंज, मग रिस्पॉन्स, मग फेल्युअर, मग टर्मिनेट, आणि पुन्हा पहिल्यापासून. पासवर्ड दोन्हीकडे एकच आहे, दोघांनी मिळून अक्षर अक्षर तपासलाय.

पॅकेट_पाटील
एलसीपी ओपन आलं म्हणजे खूप मोठी मजल मारलीत. फ्रेम दोन्ही दिशांना जातायत, दोघांची बोलण्याची पद्धत जुळली. आता फक्त ओळखपत्र तपासणीत अडकलंय.

ब वर युजरनेमची ओळ कशी आहे? युजरनेम अमुक पासवर्ड तमुक, की युजरनेम अमुक सीक्रेट तमुक?

आणि ते नाव समोरच्या राउटरचं होस्टनेम आहे ना? ब वर अ चं नाव, अ वर ब चं नाव, लहानमोठ्या लिपीसकट. पासवर्ड चिकटवताना शेवटी एखादी स्पेस येते ती पण मोजली जाते, डोळ्यांना दिसत नाही.

तारेवरची_कसरत
सीक्रेट आहे. सगळ्या राउटरवर सीक्रेटच ठेवायचं असा सुरक्षावाल्यांचा आग्रह असतो. जुन्या लिंकवर चॅप नव्हतं, एचडीएलसीत तसली सोयच नाही.

पॅकेट_पाटील
तेच कारण. सीक्रेट म्हणजे राउटर पासवर्डचा हॅश साठवतो, मूळ शब्द फेकून देतो. लॉगिनला ते चालतं, कारण तुम्ही टाइप केलेल्याचा पुन्हा हॅश काढून ताडून बघता येतो. चॅपमध्ये पासवर्ड तारेवरून जातच नाही. समोरचा एक रँडम चॅलेंज पाठवतो, तुम्ही आयडी, पासवर्ड आणि चॅलेंज एकत्र करून त्याचा एमडी५ काढून पाठवता, आणि तोच हिशोब समोरचाही स्वतःकडे करतो. हा हिशोब करायला मूळ पासवर्ड हाताशी पाहिजे. सीक्रेटमधून तो परत निघत नाही, म्हणून चॅप कधीच जुळणार नाही, पासवर्ड कितीही बरोबर असू द्या.

तेव्हा त्या एका युजरला पासवर्ड द्या, सीक्रेट नको. सुरक्षावाल्यांना सांगा हे नाव फक्त लिंकसाठी आहे, त्याला लॉगिनचा अधिकार देऊ नका, आणि तो शब्द दुसरीकडे कुठेही वापरू नका.

अवांतर: चॅपचा आरएफसी क्रमांक १९९४ आहे आणि तो निघाला १९९६ मध्ये. परीक्षेत यावर हमखास गोंधळ होतो.

शंकासुर
वाखु (वाचनखूण) साठवली. हे पुस्तकात एवढं सरळ लिहिलेलं नसतं.

तारेवरची_कसरत
अप, अप! आयपीसीपी (पीपीपीतली आयपीची बोलणी) ओपन, पिंग जातोय, ओएसपीएफ शेजारीही आले. पाटील, खोडरबर, दोघांना दंडवत.

पण. (हा 'पण' असणारच होता.) साधा १०० बाइटचा पिंग जवळजवळ सगळा जातो, क्वचित एखादा टिंब (म्हणजे पडलेला पिंग). १५०० बाइटचा केला की दर काही पिंगांमागे एक पडतोच. लोक म्हणतात छोटी पानं उघडतात, मोठ्या फाइल रखडतात. ब वर काउंटर साफ करून थोड्या वेळाने पाहिलं: इनपुट एरर ४१२७, त्यात सीआरसी (फ्रेम वाटेत बिघडली का ते तपासणारा आकडा न जुळलेल्या) ३९८०, फ्रेम ९१, अबॉर्ट ५६. कॅरियर ट्रान्झिशन ०. अ बाजूला इनपुट एरर शून्य. म्हणजे ब चा राउटर किंवा ब ची केबल खराब, असंच ना? ब कडची केबल बदलायला माणूस पाठवतोय.

घड्याळवाला
माणूस थांबवा!

बरेच दिवस नुसताच वाचत होतो, आज लिहावंच लागतंय. सीआरसी एरर जिथे मोजली जाते तिथेच घडलेली असते असं नाही. सीआरसी पाठवणारा लावतो आणि घेणारा तपासतो. ब वर एरर आहेत याचा अर्थ एवढाच की अ कडून ब कडे येताना वाटेत कुठेतरी बिट बिघडतायत. ती वाट म्हणजे: अ राउटर, अ ची केबल, अ मोडेम, लाइन, ब मोडेम, ब ची केबल, ब राउटर. यात ब ची केबल जवळजवळ शेवटी येते, आणि तिच्यात बदल झालेलाच नाही. बदल कुठे झालाय? अ कडे.

छोटा पिंग जातो आणि मोठा पडतो हेही त्यातच बसतं. एक बिट बिघडला तरी अख्खी फ्रेम टाकून दिली जाते, आणि १५०० बाइटच्या फ्रेममध्ये १०० बाइटवालीच्या पंधरापट बिट असतात.

दोन प्रश्न. अ ची व्ही.३५ केबल किती लांब आहे, आधीचीच आहे की नवीन? आणि घड्याळ कुठलं मोडेम देतं?

खोडरबर
घड्याळवाले आले म्हणजे आता मजा आहे. मला आधी वाटलं होतं की दोन्ही मोडेम इंटर्नल क्लॉकवर ठेवली असतील, तो घोळ सर्रास दिसतो.

घड्याळवाला
तो असता तर दोन्ही बाजूंना एरर दिसल्या असत्या, आणि अशा ठरावीक लयीत की घड्याळ लावून घ्यावं. २०४८ किलोबिटच्या इंटरफेसला जी.७०३ या मानकात ५० पीपीएमची (दहा लाखांत ५०) सूट आहे, एक अधिक ५० आणि दुसरं उणे ५० असलं तर फरक १०० पीपीएम, म्हणजे सेकंदाला सुमारे २०५ बिट. ई-वनची (म्हणजे याच २०४८ किलोबिटच्या लाइनची) फ्रेम २५६ बिटांची, तेव्हा वाईटात वाईट दर सव्वा सेकंदाला एक फ्रेम स्लिप (एक फ्रेम गळणं किंवा दोनदा येणं). म्हणून एका टोकाचं मोडेम इंटर्नल आणि दुसऱ्याचं लाइनवरून घड्याळ घेणारं असं ठेवायचं असतं. इथे एकाच दिशेला एरर आहेत, म्हणून माझा संशय तिकडे नाही.

तारेवरची_कसरत
अ मोडेम इंटर्नल, ब मोडेम लाइनवरून घेतं, ते बरोबर आहे. केबल मात्र नवीन. नव्या राउटरचा पोर्ट वेगळ्या आकाराचा म्हणून जुनी लागलीच नाही, शिवाय तो दुसऱ्या रॅकमध्ये बसवलाय. साधारण १५ मीटर असेल. जुनी २-३ मीटरची होती.

घड्याळवाला
संशय पक्का होत चाललाय, पण अंदाजावर केबल बदलायची नाही, आधी लूप लावून (पाठवलेलं वाटेतूनच परत वळवून) वाट कापत जाऊ. हे सगळं ब कडूनच करता येईल, तिथे सिस्को आहे त्यामुळे सोपं.

लिंक थोडा वेळ बंद ठेवायची परवानगी काढा. ब वर तात्पुरतं एन्कॅप्सुलेशन एचडीएलसी करा. पीपीपी राहू दिलंत तर ते मॅजिक नंबरवरून ओळखतं की आपलंच बोलणं आपल्याला परत ऐकू येतंय, आणि लाइन पाडतं. एचडीएलसीत अप, अप, कंसात लूप्ड असं दिसेल, तेच हवंय.

आधी ब मोडेमवर लोकल लूप लावा, म्हणजे ब राउटर, ब केबल, ब मोडेम एवढंच सर्किट. आता ब वरून ब च्याच सिरियल आयपीला एक्स्टेंडेड पिंग. सिस्को पॉइंट टू पॉइंट सिरियलवर स्वतःच्या पत्त्याला पिंग केला तरी पॅकेट तारेवरून बाहेर जातं, आणि लूप असला तर तिथून वळून येतं. साइझ १५००, संख्या भरपूर, डेटा पॅटर्न एकदा सगळी शून्यं, एकदा सगळे एफ, एकदा ५५५५. सगळी शून्यं यासाठी की लाइन कोडिंग (बिट तारेवर विजेच्या रूपात मांडायची पद्धत) दोन्हीकडे सारखं नसेल, म्हणजे एकीकडे एचडीबी३ आणि दुसरीकडे एएमआय, तर शून्यांच्या रांगेतच ते उघडं पडतं.

ते स्वच्छ निघालं तर लोकल लूप काढून ब वरूनच अ मोडेमला रिमोट डिजिटल लूप लावा. आता अख्खी लाइन आणि अ मोडेम सर्किटमध्ये आलं, पण अ ची केबल आणि अ राउटर बाहेर राहिले. पुन्हा तेच पिंग. प्रत्येक वेळी आधी क्लिअर काउंटर्स, नाहीतर जुन्या एरर बघून दचकाल.

नुसतंच_वाचणारा
हा धागा चिकटवून ठेवा कुणीतरी वर. आमच्याकडे अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे राउटर बंद करून चालू करतात, दुसरी पण तीच.

तारेवरची_कसरत
रात्री परवानगी मिळाली. निकाल: ब चा लोकल लूप, तिन्ही पॅटर्न, एकही पडला नाही, सीआरसी ०. अ मोडेमचा रिमोट लूप, तिन्ही पॅटर्न, तेही स्वच्छ. लूप काढला, पीपीपी परत लावलं, अ राउटर जोडला, की सीआरसी लगेच चढायला लागले.

म्हणजे उरलं फक्त अ केबल आणि अ राउटर. पण मग अ वर एकही एरर का नाही? खराब केबल दोन्ही दिशांना खराब असायला नको का?

घड्याळवाला
चांगला प्रश्न, आणि उत्तर तिथेच आहे. केबल खराब नाहीच, लांब आहे.

व्ही.३५ मध्ये मोडेमकडून राउटरकडे येणाऱ्या डेटासोबत त्याचं घड्याळही येतं. दोघं एकाच केबलमधून एकाच दिशेने धावतात, उशीर दोघांना सारखाच, त्यामुळे अ ला कितीही लांबून आलं तरी बिट नीट वाचता येतात. म्हणून अ वर शून्य.

उलट दिशेची गोष्ट निराळी. पाठवण्याचं घड्याळ मोडेम देतं, ते १५ मीटर चालून राउटरकडे जातं, राउटर त्या ठेक्यावर बिट सोडतो, तो बिट पुन्हा १५ मीटर चालून मोडेमकडे येतो, आणि मोडेम मात्र तो स्वतःच्या मूळ ठेक्यावर वाचतं. तारेत मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद धरा, जाऊन येऊन १५० नॅनोसेकंद. त्यात दोन्हीकडच्या ड्रायव्हर रिसीव्हर चिपांचा उशीर मिळवा. २०४८ किलोबिटला एक बिट ४८८ नॅनोसेकंदांचा, आणि मोडेम वाचतं बिटाच्या मध्यावर, म्हणजे हातात फक्त २४४. तुमचा उशीर त्या सीमेवर जाऊन बसला की मोडेम नेमकं बिट बदलण्याच्या क्षणी वाचतं, आणि कधी हा बिट, कधी मागचा. २ मीटरच्या केबलला हा उशीर किरकोळ होता म्हणून जुनं सेटिंग खपून गेलं.

६४ किलोबिटला बिट १५.६ मायक्रोसेकंदांचा असतो, तिथे तुम्हाला हे आयुष्यात कळलंही नसतं.

लगेच करायचा उपाय: नव्या राउटरवर ट्रान्समिट क्लॉक इन्व्हर्ट असं काहीतरी असेल, सिस्कोवर त्याला इन्व्हर्ट टीएक्सक्लॉक म्हणतात. त्याने राउटर अर्धा बिट सरकवून पाठवतो. करून बघा.

तारेवरची_कसरत
मिळालं, मेनूत 'टीएक्स क्लॉक पोलॅरिटी' नावाने होतं. उलटं केलं आणि ब वरचे सीआरसी जिथल्या तिथे थांबले. १५०० चे पिंग सलग जातायत. मी अक्षरशः बघत बसलोय काउंटरकडे.

घड्याळवाला
छान, आता निदान नक्की झालं. पण इथेच सोडू नका. इन्व्हर्ट म्हणजे अर्ध्या बिटाची सरकवासरकव, ती या केबलच्या या लांबीला जुळली. उद्या कुणी रॅक नीटनेटका करताना छोटी केबल लावली किंवा लाइनचा वेग बदलला, तर हेच सेटिंग उलटं अंगाशी येईल, आणि तेव्हा हे का लावलं होतं ते कुणाला आठवणार नाही. इंटरफेसच्या डिस्क्रिप्शनमध्ये कारण तरी लिहून ठेवा.

खरा उपाय टर्मिनल टायमिंगचा, सिस्कोच्या भाषेत एससीटीई. राउटर मोडेमचं घड्याळ घेतो आणि डेटासोबत तेच परत पाठवतो. मग मोडेम आपल्या मूळ ठेक्याऐवजी त्या परत आलेल्या ठेक्यावर वाचतं, केबलचा उशीर दोघांना सारखाच, आणि लांबीचा प्रश्नच मिटतो. मोडेमच्या मेनूत ट्रान्समिट टायमिंग एक्स्टर्नल किंवा फ्रॉम डीटीई असं काहीतरी असतं. फक्त आधी बघा की केबलमध्ये त्या तारा आहेत का. व्ही.३५ च्या ३४ पिनांच्या कनेक्टरवर यू आणि डब्ल्यू या त्या पिना. बाहेरून बनवून घेतलेल्या केबलमध्ये पैसे वाचवायला त्या पुष्कळदा सोडून देतात.

आणि लांबीबद्दल: टी-वनच्या (१५४४ किलोबिटच्या) वेगाला व्ही.३५ साठी १५ मीटर ही नेहमी सांगितली जाणारी मर्यादा आहे. तुम्ही काठावर आहात, कमी करता आली तर करा.

पॅकेट_पाटील
अवांतर: व्ही.३५ ची मूळ शिफारस ४८ किलोबिट प्रतिसेकंदासाठी होती. त्या बिचाऱ्याकडून आपण २ एमबी काढून घेतोय.

शंकासुर
घड्याळवाले सर, हे सिम्युलेटरमध्ये करून बघता येईल का?

घड्याळवाला
नाही. सिम्युलेटरमध्ये तारेला लांबी नसते. एन्कॅप्सुलेशन, चॅप, क्लॉक रेट हे सगळं तिथे मनसोक्त करा. केबल, घड्याळाची फेज, लाइन कोडिंग हे हार्डवेअरवरच.

शंकासुर
ठीक. मग पीपीपीवरच एक विचारतो. मी दोन राउटरना मुद्दाम वेगवेगळ्या सबनेटमधले आयपी दिले, एचडीएलसीवर पिंग गेला नाही, बरोबर. पण मित्राकडे खऱ्या राउटरवर पीपीपी होतं आणि तिथे पिंग चक्क गेला! असं कसं?

लॅबमधली
आयपीसीपी. पीपीपीमध्ये दोघं जोडले जाताना एकमेकांचे आयपी सांगतात, आणि सिस्को लगेच समोरच्या पत्त्याचा ३२ चा होस्ट रूट (फक्त त्या एका पत्त्याची वाट) टेबलात टाकतो. शो आयपी रूटमध्ये बघायला सांग, दिसेल. त्यामुळे सबनेट चुकला तरी पिंग जातो आणि सगळं छान आहे असं वाटतं, ईआयजीआरपी (सिस्कोचा राउटिंग प्रोटोकॉल) मात्र शेजारी कॉमन सबनेटवर नाही म्हणून कुरकुर करतो. नो पीअर नेबर-रूट दिलं की तो रूट जातो. पिंग गेला म्हणजे आयपी बरोबर, असं पीपीपीवर समजू नये.

खोडरबर
कीपअलाइव्हचाही असाच फरक आहे. एचडीएलसीत एका बाजूने नो कीपअलाइव्ह दिलं तर दुसरी बाजू वाट बघून बघून लाइन पाडते. पीपीपीत कीपअलाइव्ह म्हणजे एलसीपी इको, तिथे स्वतः पाठवणं बंद केलेला राउटरही समोरच्याच्या इकोला उत्तर देतो, त्यामुळे लाइन टिकते. लिंक थोडा वेळ चढते आणि पडते, चढते आणि पडते असं दिसलं की आधी हे बघायचं.

तारेवरची_कसरत
शेवटचं अपडेट. मल्टिमीटरने तपासलं, केबलमध्ये यू आणि डब्ल्यू जोडलेल्याच नव्हत्या. त्या तारांसकट नवीन केबल करून घेतली, राउटर मोडेमच्या जवळच्या रॅकला हलवला त्यामुळे ५ मीटरमध्ये भागलं, मोडेम एक्स्टर्नल टायमिंगवर टाकलं आणि टीएक्स क्लॉक पुन्हा सरळ केला. काल काउंटर साफ केलेत, दिवसभराच्या पूर्ण लोडनंतर दोन्हीकडे इनपुट एरर ०, कॅरियर ट्रान्झिशन ०.

एक गोष्ट राहिली. अ कडून ब कडे जाणारा ट्रॅफिक या लिंकवरून जातो, पण ब कडून परत येणारा अजून बॅकअपवरूनच येतोय.

लॅबमधली
ब वर बँडविड्थ दिलीये का? नसेल तर तो १५४४ धरून कॉस्ट ६४ लावतोय. बॅकअपची कॉस्ट त्याहून कमी असेल तर तो तिकडूनच जाणार. बँडविड्थ २०४८ द्या, कॉस्ट ४८ होईल. तरी बॅकअप जिंकत असेल तर दोन्ही टोकांना आयपी ओएसपीएफ कॉस्ट हाताने लिहा, दोन कंपन्यांचे राउटर असताना तेच बरं, कारण भागाकारात वरचा आकडा दोघांचा एकच असेल असं नाही.

तारेवरची_कसरत
बॅकअपची ५० होती. ४८ झाल्याबरोबर ट्रॅफिक इकडे वळला. दोन्हीकडे हाताने लिहून ठेवतोय.